हिंदीच्या पेपरापायी

माझी बायको शेवटची पावणेतीन वर्षं नातीशी बोलली नाही. बोलली नाही म्हणजे मी बोलू दिलं नाही. हे एवढं लिहायला मला पुष्कळ दिवस लागले, म्हणून तेच आधी लिहून टाकलं.

मी सातवी शिकलेला माणूस. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होतो. रिटायर झालो तेव्हा मुलानं आम्हा दोघांना सिंगापूरला बोलावून घेतलं. तो इथं बँकेत, सूनबाई अकाउंटंट. दोघंही सकाळी साडेसातला घराबाहेर पडायची ती अंधार पडल्यावर परत. नात चार वर्षांची होती आणि तिला सांभाळायला कोणीतरी हवं होतं, हे मुलानं तोंडानं म्हटलं नाही, पण आम्हाला कळत होतं. आमची ना नव्हती. बिशान भागात अकराव्या मजल्यावर सरकारी फ्लॅट. खिडकीतून एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, गाड्या डेपोत धुवायला येताना दिसायच्या. मी त्या बघत बसायचो. आजी आणि नात स्वयंपाकघरात.

काय बोलायच्या, मला विचारू नका. मी कधी कान दिला नाही. बायकांचं चाललंय म्हणायचं आणि टीव्ही लावायचा. एवढं आठवतं की आवाज सतत यायचा, नळ चालू असल्यासारखा. इथली माणसं वाक्याच्या शेवटी लावतात ते 'ला' नात शाळेतून शिकून आली होती आणि मराठीलाही लावायची. "आजी, भेंडी नको ला." थोड्या दिवसांनी आजीही म्हणायला लागली, "खा ला, एकच घास." चौथी शिकलेली बाई, संगमनेरकडच्या खेड्यातली, पन्नास वर्षं मराठीशिवाय दुसरं काही बोलली नाही आणि इथं येऊन 'ला' म्हणते. मी तिची टिंगल करायचो. ती म्हणायची, "तुम्हाला कोणी शिकवलं नाही म्हणून जळता."

आता शाळेचं सांगतो. इथं सहावीला सगळ्या बेटाची एकच मोठी परीक्षा असते. तिच्यात किती गुण पडले त्यावर पुढची शाळा ठरते. एक शाळा अशी की सगळीकडची वरची वरची मुलं वेचून घेते. नाव लिहीत नाही. आमच्या घरात तिला कोणी नावानं म्हणतच नव्हतं, नुसतं 'ती शाळा'. मुलगा म्हणायचा, "बाबा, तिथं गेली की पुढचं काही बघायला लागत नाही." आपल्या लोकांत सगळ्यांना तेच. गणपतीला कोणाच्या तरी कोंडोत, म्हणजे खाजगी सोसायटीतल्या महागड्या फ्लॅटात, आरतीला जमायचो. आरती संपून तळहातावर प्रसाद पडला की बाप लोक कटऑफवर यायचे. कोणाची मुलगी दोन गुणांनी हुकली, कोणी कुठला क्लास लावला. मोदक हातात तसाच राहायचा.

त्या परीक्षेत चार विषय. इंग्रजी, गणित, सायन्स आणि चौथा मातृभाषा. चारही सारखे मोलाचे. आमच्या नातीची मातृभाषा मराठी, पण सरकारच्या यादीत मराठी नाही. तमिळ आहे, हिंदी आहे, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू आहे. म्हणून आपली सगळी मुलं हिंदी घेतात आणि दर शनिवारी हिंदीच्या वर्गाला जातात. नात तीन विषयांत चिनी मुलांच्या खांद्याला खांदा लावून होती. हिंदीत मार खायची.

चौथीच्या शेवटी हिंदीच्या बाईंनी पालकांना बोलावलं. मुलगा टूरवर, सुनेची वर्षअखेर. मी गेलो. बाईंनी निबंधाची वही पुढं केली. लाल शाईनं जागोजाग गोल केले होते. बाई म्हणाल्या, "बच्ची होशियार है, लेकिन लिखते-लिखते मराठी में चली जाती है. घर में थोड़ी हिंदी बोला कीजिए." एवढंच म्हणाल्या. थोडी हिंदी बोला म्हणाल्या. मराठी बंद करा असं त्या म्हणाल्या नाहीत, ते माझं.

का केलं ते सांगतो. वर्कशॉपात माझ्याबरोबर निम्मे लोक यूपी-बिहारकडचे. बत्तीस वर्षं मी त्यांच्यात हिंदी बोललो. मुलगा एमबीए, सून सीए, दोघांची हिंदी कामापुरती. या घरात मला येतं आणि बाकीच्यांना लागतं असं काही पहिल्यांदाच निघालं होतं. नाहीतर माझं काम काय होतं? पोरीला बसपर्यंत सोडायचं, खालून पाव आणायचा आणि लाइटची बटणं बंद आहेत का बघायचं. त्या दिवशी मी वही काखेत मारून घरी आलो ते मास्तर होऊन आलो.

नातीला सांगितलं, "आजपासून तू आणि मी हिंदीत बोलायचं. परीक्षेपर्यंत." तिला मजा वाटली.

मग स्वयंपाकघरात गेलो. बायको भात कुकरला लावत होती.

"ऐकलंस का. आजपासून पोरीशी मराठी बोलायचं नाही."

"मग काय बोलू?"

"हिंदी."

"मला कुठं येते हिंदी?"

"मग बोलू नको. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय. "आणि भूक लागलीय का, ते कसं विचारायचं? खुणेनं?"

"खुणेनं विचार."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "हवालदार झालात की काय?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं, माझ्या पद्धतीनं. तुझ्यामुळे तिच्या निबंधात मराठी येते. आईबाप तिच्याशी इंग्रजी बोलतात, मग ही मराठी कोणाची? तुझी. चार गुण कमी पडले आणि ती शाळा हुकली तर कोणामुळे हुकली म्हणायचं? आणि पोरीला यातलं काही सांगायचं नाही, नाहीतर ती हट्ट धरून बसेल.

कायदा मी सगळ्या घराला म्हणून केला. पण मुलगा आणि सून तसेही इंग्रजीत बोलत. मी हिंदीत बोलायचो, घाईत असलो की मराठीत. म्हणजे कायदा लागला तिला एकटीला.

तिनं ऐकलं. बायकोनं माझं सगळंच ऐकलं असं नाही. आयुष्यात पुष्कळदा भांडली, एकदा माहेरी निघून गेली होती. पण 'नातीचं नुकसान तुझ्यामुळे होईल' म्हटल्यावर तिच्याकडे बोलायला काही उरलं नाही. ते मला माहीत होतं, म्हणूनच तसं म्हटलं.

सुरुवातीला नात यायची, सांगत सुटायची, मराठीतच. एकदा शाळेच्या बसमध्ये मैत्रिणीशी भांडण झालं होतं. दप्तर न काढताच आजीपुढं उभी राहून ती सांगत होती, कोण काय म्हणालं, मग ही काय म्हणाली. आजीनं माझ्याकडे बघितलं. मी पेपर वाचत होतो. मी मान हलवली, थोडीशीच. आजीनं नातीच्या डोक्यावर हात ठेवला, "हं" म्हणाली आणि आत जाऊन कपाटातले डबे हलवायला लागली. नात तिथंच उभी. मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "आजीला काय झालं?" मी म्हटलं, "कुछ नहीं, थक गई है. बैठ, हिंदी में बता."

तिनं हिंदीत सांगितलं नाही. त्या भांडणाचं पुढं काय झालं ते कोणालाच कळलं नाही.

बायकोनं प्रयत्नही केला. दुपारी हिंदी मालिका लावून बसायची, ओठ हलवत. महिनाभरानं एकदा नातीपुढं ताट ठेवून म्हणाली, "बेटी, गरम है, हळू खाने का." नात खदखदून हसली. त्यात वाईट काही नव्हतं, पोर हसली एवढंच. आजीही हसली असती. पण मी म्हटलं, "तू राहू दे. पोरीचं बिघडतं." त्यानंतर तिनं मालिका बघितल्या नाहीत.

मग घरात आवाज येईनासा झाला. सुनेच्या लक्षात आलं. म्हणाली, "बाबा, आई हल्ली बोलत नाहीत फारशा. बरं नाही का?" मी म्हटलं, "गाव आठवतं तिला." मुलानं लगेच फोन कार्डं आणून दिली. रविवारी बायको आमच्या खोलीचं दार लावून बहिणीशी बोलायची, कार्ड संपेपर्यंत. बाहेर नात गणितं सोडवत असायची. दारातून आजीचा आवाज यायचा, हसण्याचाही. एकदा नात पेन्सिल थांबवून ऐकत बसलेली मी बघितली. मला वाटलं, गणित अडलंय.

मुख्य गोष्ट पुढं आहे. मी शिकवलेली हिंदी काय होती, ते पाचवीच्या मध्यावर कळलं. वर्गात तोंडी परीक्षेची तयारी चालली होती. बाईंनी चित्र दाखवलं, रेल्वे स्टेशनचं, आणि वर्णन कर म्हणाल्या. नात म्हणाली, "इधर एकदम भीड़ का टाइम है. सामान अपुन को ही संभालने का, नहीं तो कोई लेके खिसक लेगा." बाईंनी मला बोलावलं. त्या हसू दाबत होत्या. "दादाजी, यह किसने सिखाया?" मी म्हटलं, "मैंने." त्या म्हणाल्या, "बहुत मज़ेदार है, पर परीक्षा में नहीं चलेगा."

मुलानं त्याच आठवड्यात शिकवणी लावली. लखनौकडच्या एक बाई, मरीन परेडला कोंडोत राहायच्या. दर रविवारी मी नातीला बसनं घेऊन जायचो आणि खाली पोहण्याच्या तलावाशेजारी दोन तास बसायचो. त्यांनी तिच्यातली माझी हिंदी धुऊन काढली. गुण वाढायला लागले.

म्हणजे माझ्या हिंदीचा उपयोग शून्य झाला, उलट नुकसानच. बाई हसल्या त्या दिवशीच घरी येऊन बायकोला एवढंच म्हणायचं होतं की बोल बाई, काय बोलायचं ते बोल. म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मुळात माझं चुकलं, हे कबूल करावं लागलं असतं, आणि तेही तिच्यापुढं. मी माझ्या मनाशी अशी समजूत केली की मराठी कमी झाली म्हणूनच लखनौच्या बाईंची हिंदी आत जातेय.

नातीला ती शाळा मिळाली.

निकालाच्या दिवशी मुलानं ऑफिसातून फोन केला. सुनेनं पेढे आणले. पहिल्या दिवशी शाळेनं घरच्यांना बोलावलं होतं. मुलगा-सून गाडीतून थेट ऑफिसकडून आली, आम्ही दोघं एमआरटीनं. बायको नऊवारी सोडून सहावारी नेसली होती, सुनेनं दिलेली. मोठा थंडगार हॉल. मी सवयीनं मोजत बसलो. नातीच्या वर्गाच्या रांगेत हिंदुस्थानी चेहरे चार. त्यातले तीन आमच्यासारखे, बाप बँकेत नाहीतर कंप्युटरात, कालपरवा आलेले. इथल्या जुन्या तमिळ घरातली एकच पोरगी. इथल्या मूळच्या मलायी लोकांतली एकही दिसली नाही. आमच्या ब्लॉकखाली संध्याकाळी जी पोरं चेंडू खेळतात, त्यातली निम्मी मलायी आणि तमिळ, हुशार, टपोरी. त्यातलं इथं कोणी नव्हतं. बाहेर गाड्या बघितल्या तर सगळ्या नव्या. म्हणायला सरकारी शाळा आणि गुणांवर प्रवेश. पण गुण कुठल्या घरात पिकतात ते त्या रांगेत दिसत होतं. शिकवणीला नेणारा रिकामा म्हातारा ज्याच्या घरात आहे, त्याच्या घरात. हे तेव्हा मनात आलं आणि मला त्याचा गर्व वाटला.

नात रांगेतून मागं वळून आम्हाला शोधत होती. आजीनं हात वर केला. मग माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "अहो, आता बोलू का तिच्याशी?"

दोन वर्षं झाली होती. मीच दोन वर्षं म्हणालो होतो. तिनं मोजली होती.

मी म्हटलं, "थांब जरा. इथंही हिंदी आहे. अजून चार वर्षं."

तिनं मान हलवली. पदर सारखा केला आणि पुढं बघत राहिली. भाषण इंग्रजीत होतं, तिला एक अक्षर कळत नव्हतं. तरी शेवटपर्यंत पुढंच बघत राहिली.

त्याच वर्षी, दिवाळीला तीन आठवडे होते. सकाळी दहाचा सुमार. मी खालून पाव घेऊन आलो तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर, शेजारी कढई. मेंदूत रक्तस्राव. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात तीन दिवस होती, शुद्धीवर आली नाही. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, त्यांना दोष नाही. नात शाळेच्या कपड्यांतच आली. पलंगाजवळ उभी राहिली, "आजी" म्हणाली आणि थांबली. पुढं काय म्हणावं तिला सुचेना. मला दिसत होतं की ती शब्द शोधतेय. मग इंग्रजीत काहीतरी पुटपुटली आणि खिडकीशी गेली. सांगायचं असतं तर तीच वेळ होती. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होतो, चार फुटांवर. मी नर्सला सलाईनचं विचारलं.

बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. नात दुसऱ्या वर्षाला. त्यांच्या सोशल स्टडीजच्या मास्तरांनी गटानं करायचं काम दिलं होतं. नात धरून गटातल्या चौघींनी विषय घेतला, आपल्या शाळेत कोणत्या घरांतली मुलं येतात आणि त्यातली कोण पुढं जातात. वर्गातल्या सगळ्यांना फॉर्म वाटले. घर कुठल्या प्रकारचं, आईबाप किती शिकलेले, शिकवण्या किती, घरात आजी-आजोबा आहेत किंवा होते का, त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलता. नावं नाहीत, नुसते नंबर. शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून ती रकाने भरत होती. मी चहा घेत बघत होतो. एव्हाना मी तिच्याशी मराठीतच बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, मधूनमधून मराठी शब्द टाकून. मला तेवढं समजतं, इथं मराठीत लिहितो.

"काय निघालं मग?" मी विचारलं.

"काय निघणार, आजोबा. सगळे कोंडोवाले ला. सगळ्यांना ट्यूशन. मास्तरना वाटतं आम्ही काहीतरी नवीन शोधू."

"आणि हे काय?"

"आजी-आजोबांची भाषा. बघ, हॉक्कियन, कँटनीज, तमिळ. इथं बघ, या मुलीची आजी इंग्रजी बोलते, टू मच."

मी बोटानं एक एक ओळ बघत होतो. एका ओळीत आजोबांच्या रकान्यात तीन भाषा लिहिल्या होत्या आणि आजीच्या रकान्यात रेघ. बाकी सगळीकडे काही ना काही होतं, फक्त इथं रेघ.

"ही आजी आधीच गेलेली का?"

"नाही. घरातच होती. एकमेकींशी बोलत नव्हत्या."

"अरेरे. कोणाचं पोर हे?"

"मी ला," नात म्हणाली.

ती मान खाली घालून पट्टीनं रेघा मारत होती. तसंच तिनं पुढं सांगितलं, इंग्रजीत, अगदी सहज, जसं सगळ्यांना माहीतच आहे. मला कळलं ते असं. चौथीत तिला हिंदीत कमी पडले, तेव्हापासून आजीला ती आवडेनाशी झाली. आधी तिनं पुष्कळ प्रयत्न केला. मग तिला वाटलं, गुण वाढले की आजी बोलेल. गुण वाढले, ही शाळा मिळाली, तरी बोलली नाही. आजीच्या हिंदीला ती एकदा हसली होती, त्याचा राग असेल, असंही तिला वाटायचं. "इट्स ओके," ती म्हणाली. "काही काही आज्या तशा असतात."

मी उठलो आणि कप धुतला. मग पुन्हा धुतला.

आठ दिवस मी गप्प होतो. स्वतःला सांगत होतो की तिचं ते काम शाळेत मांडून होऊ दे, उगाच पोरीचं लक्ष विचलित होईल. मग लक्षात आलं की हेच कारण मी आधी दोनदा वापरलंय.

बुधवारी ती दुपारीच घरी आली. मी नूडल्स करून दिल्या. समोर बसलो.

"तुझी आजी तुझ्यावर रागावली नव्हती," मी म्हटलं. "मी तिला बोलायची बंदी केली होती."

तिला आधी कळलं नाही. मी सगळं सांगितलं, बाईंची वही, भाताचा कुकर, मान हलवली ते, हॉलमध्ये तिनं काय विचारलं आणि मी काय म्हणालो ते. मराठीत सांगितलं, सोपं करून. एखादा शब्द अडला की ती हात वर करायची आणि मी दुसऱ्या तऱ्हेनं सांगायचो. बंदी म्हणजे काय, तेही समजावून सांगावं लागलं.

"पप्पांना माहीत होतं?"

"नाही. कोणालाच नाही. मला आणि तिला."

"तिला बोलायचं होतं?"

"हो."

"एव्हरी डे?"

"रोज."

"मग ती तुझं का ऐकायची?"

"मी तिला सांगितलं होतं की तुझं नुकसान तिच्यामुळे होईल."

तिनं काट्यानं नूडल्स गुंडाळल्या आणि तशाच ठेवल्या. "हॉस्पिटलमध्ये मी विचार करत होते, सॉरी म्हणावं का," ती म्हणाली. "मग वाटलं, तिला नको असेल."

मी म्हटलं, "माझं चुकलं." तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"तू मला एक वर्ष असंच ठेवलंस," ती म्हणाली. "ती गेल्यावर तर सांगायला काही अडत नव्हतं. परीक्षा पण नव्हती."

"नव्हती."

"मग?"

"लाज वाटत होती."

ती उठून खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर मी त्यालाही सांगितलं. तो बराच वेळ बूट हातात घेऊन बसला. मग म्हणाला, "मी फोन कार्डं आणत होतो, बाबा." त्या दिवशी तो जेवला नाही. पुढं त्यानं तो विषय काढला नाही आणि मीही काढू शकलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून नात माझ्याशी हिंदीत बोलायला लागली. लखनौच्या बाईंची हिंदी, स्वच्छ, कडक. "आप चाय लेंगे?" "मैं सात बजे तक लौट आऊँगी." माझ्या नातीनं मला कधी आप म्हटलं नव्हतं. मी मराठीत विचारायचो, उत्तर हिंदीत यायचं. सून एकदा म्हणाली, "अगं, आजोबांशी असं काय परक्यासारखं?" तर ती म्हणाली, "इन्होंने ही सिखाया है." सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, खरं आहे.

तिनं हे शिक्षा म्हणून केलं की तिला खरंच माझ्याशी दुसरं काही बोलवत नव्हतं, ते मी विचारलं नाही. मला तो हक्क नाही. एवढं मात्र कळलं की समोरचा आपल्याशी बोलतोय आणि तरी आपल्याशी बोलत नाहीये, हे कसं असतं. बायकोला याच्यापेक्षा कमी मिळालं होतं. तिला 'आप'सुद्धा मिळालं नाही.

ज्या दिवशी त्यांचं काम वर्गापुढं मांडायचं होतं, त्या संध्याकाळी मी तिची वाट बघत होतो. आली, हातपाय धुतले, टेबलाशी बसली.

"कसं झालं?" मी विचारलं.

"अच्छा हुआ."

"ती ओळ बदललीस का?"

"नहीं. क्यों बदलूँ? जो था, वही लिखा है."

मी मान हलवली. मग तिनं सांगितलं की मास्तरांनी नेमकं त्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, घरात आजी असून भाषा नाही असं कसं, हा नंबर कोणाचा, कारण माहीत आहे का. कारणासाठी त्यांच्या फॉर्मवर रकानाच नव्हता.

"मग?"

"मैंने कहा, मेरा है. और कहा कि दादी बोलना चाहती थीं, दादाजी ने मना किया था. मेरे मार्क्स के लिए."

"सगळ्यांपुढं?"

"सबके सामने."

मी म्हटलं, "बरं केलंस."

ती माझ्याकडे बघत होती, मी आणखी काही म्हणतो का ते बघायला. तिनं ताट पुढं केलं आणि मी भात वाढला. ती जेवायला लागली. मी समोर बसून राहिलो, ती उठेपर्यंत.